उपग्रह विभागाचे आप्पा

भल्या सकाळी गच्चीवर उभं राहून कुणी रिकाम्या आभाळाला हात करत असेल, तर ते आमच्या शेजारचे मल्लाप्पा आहेत असं खुशाल समजावं. त्यांचा उपग्रह तेव्हा सोलापूरवरून जात असतो.

"दिसत न्हाय, पण जातोय की!"

आप्पांनी जन्मभर दुकानात कापड मोजलं. निवृत्तीनंतर मुलानं टॅब दिला आणि त्यावर उपग्रहाची चित्रं बघत आप्पा नद्या-तलाव मोजू लागले. भेटेल त्याला सांगायचे, "रडार म्हंजे काय? वरनं लहर सोडायची. खडबडीत रानावरनं ती माघारी येती, सपाट पाण्यावरनं घसरून पलीकडं जाती. म्हणून पाणी काळं दिसतं. मधी ढग आला तरी लई फरक पडत न्हाय!"

त्यांच्या पत्नी शांताक्का आतून म्हणायच्या, "आभाळातनं नदी दिसती. नळाला पाणी कधी येणार, त्ये तेवढं दिसत न्हाय!"

गेल्या पावसाळ्यात भीमा फुगली. मी आप्पांकडे बसलो होतो. टॅब बघता बघता त्यांनी चहा बाजूला ठेवला. वरच्या अंगाला नदी पात्र सोडून रानात पसरली होती. तेच पाणी आता खाली त्यांच्या गावाकडं निघालं होतं. गावात थोरला भाऊ होता, पण विहिरीच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद होतं.

आप्पांनी नाक चिमटीत धरलं आणि फोन लावला.

"नमस्कार. मी उपग्रह विभागातून बोलत आहे. नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी तातडीने काढून घ्याव्यात. गावालाही कळवावे. धन्यवाद!"

"असा विभाग आहे का, आप्पा?"

"मंग? नाव सांगितलं तर फोन ठिवंल की त्यो!"

दुसऱ्या दिवशी नदी शिवारात शिरली. पण गावातली एकही मोटार वाहून गेली नाही. आप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. शांताक्कांनी तर टॅब पदरानं पुसला!

पाणी ओसरल्यावर एका सकाळी आप्पांच्या दारात पटकेवाले म्हातारे उभे राहिले. खांद्यावर ज्वारीचं पोतं.

"उपग्रह विभाग हितंच हाय का?"

आप्पांचा हात आपोआप नाकाकडे गेला. "साहेब बाहेर गेले आहेत."

"असू दे. त्यास्नी सांग, समद्या गावाच्या मोटारी वाचल्या." म्हाताऱ्यांनी पोतं खाली ठेवलं. "आन् म्हणावं, नाक सोडून बोलत जा. फोनवर तुजं नाव दिसतंय की रं. म्या त्ये कवा पुसून टाकलंच न्हाय."



"ये की आत, अण्णा," आप्पा म्हणाले, आणि पोतं उचलायला वाकले ते लवकर वर बघेनात.