भात्यावरची होडी

भिकाजी मास्तरांनी सातवीच्या वर्गात न्यूटनचा तिसरा नियम फळ्यावर लिहिला आणि वर्ग हसला. अकरा वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. कारण होतं आदल्या दिवशी सरकारी गाडीने पटांगणात दाखवलेला चित्रांचा सिनेमा. त्यात एक उंदीर होडीत बसून लोहाराच्या भात्याने आपल्याच शिडावर वारा घालतो आणि होडी भन्नाट सुटते.

"भाता वाऱ्याला पुढे ढकलतो, तेव्हा वारा भात्याला तेवढाच मागे ढकलतो. शिडाला मिळालेला जोर तिथेच फिटतो," मास्तर म्हणाले. "होडी जागची हलायची नाही."

"पण आमी डोळ्यांनी बघलाव मा, गुरुजी!" सुगंधा म्हणाली.

मास्तरांना ते फार लागलं. पोरांचा शास्त्रावरचा विश्वासच उडाला, तर फळ्यापुढे उभं तरी कशाला राहायचं? संध्याकाळी खाडीच्या धक्क्यावर त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "भात्याने होडी हातभर जरी पुढे गेली, तर पुन्हा खडू हातात धरणार नाही."

लवू तांडेल म्हणजे देवगडपर्यंत शिडाची होडी हाकणारा माणूस. त्याला उंदराचं म्हणणं पटलं होतं. "होडी माझी, भातो पण मीच मारतलंय," तो म्हणाला.

रविवारी वारा पडलेला होता आणि भरतीचं पाणी थांबलेलं. मास्तरांना हवं तसंच. लबाडीला जागा नको म्हणून त्यांनी वल्ही आणि बांबू काठावर ठेवायला लावले, वजन नको म्हणून नांगरही. मग शीड तपासलं, भाता तपासला, जमलेल्या गावाला नियम तीनदा समजावला. त्यात तास गेला. शेवटी दोर सुटला. लवू घाम गाळत भाता मारू लागला आणि मास्तर होडीतच शिडावर नजर रोखून बसले.

"लवू, हलते का होडी?"

"हलना नाय, मास्तरानू. तुमचां खरां दिसता."

मास्तरांचा ऊर भरून आला. तेवढ्यात काठावर एकच ओरडा झाला.

"चल्ली! चल्ली रे!"

मास्तरांनी वळून पाहिलं. मासळीवाली यमुनाबाई पाटी खाली ठेवून दोन्ही हात हलवत होती, आणि ती अंगठ्याएवढी दिसत होती.

लवूने काठावरची पाण्याची ओली रेघ पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "सुकती लागली," तो पुटपुटला.

ओहोटीने होडी ओढली ती थेट वळणापलीकडे, वाळूत रुतली तेव्हाच थांबली. तिथे मास्तर घरच्या बोलीवर आले.

"लवू, तूच सांग सगळ्यांका. होडी सुकतीन नेल्यान."

लवू शीड गुंडाळू लागला. "माका, तांडेलाक, सुकती समाजली नाय, असां सांगू? मगे माझ्या होडीत बसतलो कोण?"

यावर मास्तरांनी हट्ट सोडला. लवूच्या पोटाचा प्रश्न होता. दोघांनी भाता उचलला आणि चिखल तुडवत ते गावाकडे निघाले.

सोमवारी मास्तर वर्गात आले. खडूच्या पेटीला त्यांनी हात लावला नाही. दिला शब्द तो दिला.

"सुगंधा, तू लिही. न्यूटनचा तिसरा नियम."

सुगंधाने नियम अचूक लिहिला, कानामात्रेची चूक नाही. मग खाली भन्नाट सुटलेली होडी काढली, शीड काढलं, भाता काढला, भात्याशेजारी चष्मा लावलेले मास्तर काढले आणि सुंदर अक्षरात लिहिलं, "गुरुजींनी स्वतः सिद्ध करून दाखवला."

या वेळी वर्गात कोणीच हसलं नाही.