राऊटरमधली बाई

कुसुमताईंच्या लेखी माणसांना नावं नसत, गावं असत.

"बोरी अरब, जरा सरका. दिग्रस, पंखा वाढवा. महागाव, तोंडात खर्रा हाये का? थुकून या."

पुसदला एका खताच्या दुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटरचा क्लास भरे. पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली ती अशी. हजेरी घेणं खरं तर अझहर सरांचं काम. पण सर चोवीस-पंचवीस वर्षांचे आणि बाई पन्नाशी ओलांडलेल्या, त्यामुळे ते खडू हातात धरून बाजूला उभे राहिले. शिवाय सर पुसदचेच, म्हणून बाई त्यांना "लोकल" म्हणत.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जुन्या ट्रंक ऑपरेटर. हातानं कॉल जोडण्याच्या काळात "हॅलो नागपूर, पुसद बोलते" असं म्हणण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. पलीकडच्या ऑपरेटरला नाव विचारायची तिथे पद्धत नव्हती. गाव म्हणजेच माणूस.

माझ्यापाशी आल्या. "आन् तुमी?"

मी उगाच खोकलो आणि म्हणालो, "दारव्हा."

ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं पुढे सांगतो. आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ती कापसाची वाईट वर्षं. भाव बसलेला, आणि एकेक जिनिंग बंद पडत चाललेलं. दारव्ह्याला सासऱ्यांच्या जिनिंगमध्ये मी कापसाची प्रत ठरवायचो. चिमटीत पुंजका धरून ओढला की धागा किती लांब ते बोटांनाच कळे. जिनिंगला कुलूप लागलं तेव्हा ती बोटं रिकामी झाली. मेहुण्यानं पुसदच्या घराच्या वरच्या दोन खोल्या दिल्या. साडू पुण्याला ऑफिसांमध्ये केबल टाकायची कामं घेई. तो म्हणाला, "दाजी, सुपरवायझर करतो तुमाले. फक्त ते नेटवर्किंगची पहिली परीक्षा पास व्हा. पार्टीले सर्टिफिकेट दाखवा लागते." म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी मुलांच्या वयाच्या पोरांमध्ये येऊन बसलो. पोरंही सगळी कापसाच्याच घरची. शेतात राम उरला नाही, म्हणून बापांनी इकडे धाडलेली.

बाईंना मात्र पोटापाण्याची चिंता नव्हती. त्यांचा कॉल जोडायचा बोर्ड काढून टाकल्यावर खात्यानं त्यांना बिलाच्या काउंटरवर बसवलं होतं. काउंटर दुपारी बंद झाला की त्या थेट क्लासला येत. लग्न केलेलं नव्हतं, घरी कोणी वाट पाहणारं नव्हतं. "मॅडम, आपको इसकी क्या जरूरत?" असं सरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या मशीननं माही खुर्ची घेतली. आतमधी कोन बसलं ते पाह्यचं हाये मले."

आत कोणीतरी बसलेलं आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. सरांनी राऊटर शिकवला: आलेला निरोप कुठल्या वाटेनं पाठवायचा ते तो ठरवतो. बाईंनी मान डोलावली. "म्हंजे ऑपरेटर."

"नाही मॅडम, मशीन आहे."

"मशीनले कसं समजते कोनाले कुठं जोडाचं?"

"त्याच्यात टेबल असतो." सरांच्या मनात वाटांचा तक्ता होता.

"टेबल असते तं खुर्ची असनच. खुर्चीवर बाई असन."

सरांनी डब्बा उघडून दाखवला. बाईंनी चष्मा पुसून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "आज सुट्टीवर दिसते."

पिंग म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरला हाक मारून उत्तर येतं का पाहणं. बाई की दाबायच्या आधी घसा साफ करत. उत्तर नाही आलं, तर पडद्याकडे बघत आदबीनं म्हणत, "उचलून नाही राह्यले. मंग लावू का?" सरांचं व्याख्यान लांबलं की मागून आवाज येई, "तीन मिनिटं झाले. वाढवू का?" पूर्वी ट्रंक कॉल तीन-तीन मिनिटांच्या हिशोबानं असत, ती घंटा बाईंच्या अंगात अजून वाजत होती. सर बहुतेकदा "वाढवा" म्हणत. न म्हटल्यास बाई वही मिटत.

सराव परीक्षेत प्रश्न आला, लाईनवर आधीच कोणी बोलत असेल तर कॉम्प्युटरनं काय करावं? बरोबर उत्तर, थांबावं. बाईंनी चारही पर्याय खोडून खाली स्वतःचा पाचवा लिहिला: 'लाइटनिंग कॉल असल्यास माफी मागून मधात शिरावे.' लाइटनिंग म्हणजे ट्रंकच्या काळातला सगळ्यात तातडीचा कॉल. सरांनी शून्य दिलं. बाई म्हणाल्या, "एखाद्याच्या घरी माणूस जाऊन राह्यलं असन, आन् हे मशीन थांबून राहीन? लोकल, तुमाले माया नाई." सर बिचारे दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाहीत.

सगळे हसत. मीही हसे, पण आवाज न करता. क्लासमध्ये मी शक्यतो बोलतच नसे. पोरं मला मुका काका म्हणत. घसा बसलाय असं सांगून मी पहिला महिना लवंगा चघळत काढला.

आता ते अर्धं.

विशी-बाविशीत मी उमरखेडच्या एक्स्चेंजमध्ये हंगामी ऑपरेटर होतो. दुपारी बाजार उठला की लाईन मोकळी होई. मग पुसदहून रोजच्या टेस्टिंगचा कॉल यायचा. "उमरखेड, आवाज कसा येते?" "साफ." एवढंच बोलायचं असे. आमचं ते टेस्टिंग हळूहळू लांबत गेलं. भाजी कोणती, ऊन किती, तुमच्याकडे सरकी कशी. नावं आम्ही विचारली नाहीत. वाटायचं, नाव आलं की खातं मधात येईल. एकदा मी म्हणालो, सोमवारी सुट्टी आहे, पुसदला येतो. "या," त्या म्हणाल्या, "मी निळी साडी नेसून राहीन." त्याच आठवड्यात घरच्यांनी माझी सोयरीक जमवली. जिनिंगवाल्याची मुलगी. मी सोमवारी गेलो नाही. नोकरीही सोडली. लाईनवर एक शब्द सांगायला हवा होता, तोही सांगितला नाही. हजेरीला तोच आवाज ऐकला, म्हणून त्या लवंगा.

पुढे पोरांची बॅच परीक्षा देऊन पांगली. मागे राहिलो आम्ही दोघंच. सरांनी आम्हाला समोरासमोरचे दोन कॉम्प्युटर दिले, मध्ये एक केबल, आणि म्हणाले, जोडून दाखवा. ते खाली चहाला गेले. बाईंनी पिंग केलं. माझ्याकडून उत्तर गेलं. पडद्यावरची नजर न काढता त्या सहज म्हणाल्या, "आवाज कसा येते?"

"साफ," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

बाई जरा वेळ की-बोर्डवरची धूळ पुसत राहिल्या. "मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं. तुमी खोकलले ना, तवाच. उमरखेड असंच खोकलते."

"मंग बोलल्या काहून नाई?"

"तुमी लवंगा खाऊन राह्यले होते. म्हटलं, चालू द्या." मग विचारलं, "सोमवारी काहून नाई आले?"

"लग्न जमलं होतं."

"बस एवढंच?" त्या म्हणाल्या. "मले वाटे, बस बंद पडली असन."

त्यानंतरचे तीन महिने मी सुखात होतो. हे लिहायला जड जातं, पण खरं ते हेच. धडे कधीच संपले होते. आम्ही तेच पुन्हा वाचायचो. सर परीक्षेची तारीख विचारत. बाई म्हणत, "दारव्ह्याचा चौथा धडा कच्चा हाये." मी म्हणे, मॅडमचा सातवा कच्चा आहे. मग सर कपाळावर हात मारून खाली चहाला जात, आणि बाई विचारत, "आज भाजी कोनती?" घरी बायको विचारी, परीक्षा कधी? मी म्हणे, अवघड आहे, वेळ लागेल. ती बरं म्हणून शिलाई मशीनपाशी बसे. साड्यांना फॉल लावून, काजं करून घर तीच चालवत होती.

एके दुपारी बाई आल्या त्या बसल्याच नाहीत. "लोकल, दारव्ह्याची तारीख लावून टाका. लवकरची."

"आणि तुमची?"

"माही नाई लावाची." मग माझ्याकडे वळल्या. "काल वैनी आल्या होत्या काउंटरवर, तुमच्या मेहुण्याचं बिल भरायले. पैसे देतानी बोटं पाह्यले मी त्यायचे. माह्या मालकाची परीक्षा लय कठीन हाये म्हने, लय अभ्यास करतात बिचारे." त्यांनी माझी वही माझ्यापुढे सरकवली. "उमरखेड, मले बोर्डावर बसून कोनाची लाईन अडवाची सवय नाई."

मी नागपूरला गेलो. परीक्षा कॉम्प्युटरवरच होती. खरं सांगतो, नापास व्हायचं ठरवूनच बसलो होतो. नापास झालो असतो तर परत तोच क्लास, तीच खुर्ची. पण हात बरोबर उत्तरांवरच पडत गेला. इतक्या वेळा तो अभ्यास झाला होता. निकाल तिथेच पडद्यावर आला.

बाहेरच्या पीसीओवरून क्लासला फोन लावला. बाईंनीच उचलला.

"पास झालो."

त्यांनी रिसीव्हर बाजूला धरून सरांना पेढे आणायला सांगितलेलं मला ऐकू आलं. रिकाम्या क्लासमध्ये पेढे कोणासाठी, असं सर विचारत होते. मग त्या परत फोनवर आल्या. "जा आता पुन्याले. वैनीले संगच न्या, मांगून नका बलावू."

"हाव," मी म्हणालो.

बोलणं संपलं होतं. रिसीव्हर मात्र दोघांपैकी कोणीच ठेवला नाही. पलीकडे माडीवरचा पंखा फिरत होता, तेवढा ऐकू येत होता.

पीसीओवाल्यानं काचेवर टकटक केलं. "भाऊ, बोलून राह्यले का नाई? मीटर चालू हाये."

मी त्याला हातानंच सांगितलं, चालू द्या.