दहावा डबा

टिंग!

ओव्हनचा आवाज तसा लहानच, पण दीड तासाच्या थोपटण्यानंतर मिळालेली शांतता मोडायला तो पुरेसा होता. आतल्या खोलीत बाळाने आधी एक हुंकार दिला, मग अंदाज घेतल्यासारखं जरा थांबलं आणि मग घर डोक्यावर घेतलं. ती ओट्याला टेकून उभ्या उभ्या डुलकी काढत होती. तिने ट्रे बाहेर ओढला, धावत जाऊन बाळाला खांद्यावर टाकलं आणि परत येऊन पाहिलं, तर ओव्हन बंद करायचा राहिलाच होता.

निदान हा शेवटचा ट्रे होता, घरच्यापुरता. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या, की नऊ नातेवाइकांकडे घरच्या बिस्किटांचे नऊ डबे जायचे, ही या घराची बत्तीस वर्षांची रीत. कृती सासूबाईंच्या सासूबाईंची, हात सासूबाईंचा. यंदा तोच हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. "मी आहे ना, आई," असं ती महिन्याभरापूर्वी बोलून गेली होती. तेव्हा नऊ हा आकडा तिला लहान वाटला होता.

मग गेले चार दिवस सासूबाई उशीवर प्लॅस्टर ठेवून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि ती बाळाला कडेवर घेऊन लोणी फेसत राहिली. घरात साचा एकच, चांदणीचा. त्याने चांदण्या पाडायच्या, डब्यात भरायच्या, डब्याला दोरीची गाठ मारायची. डब्यावर नाव घालायचं नाही आणि ज्याला डबा मिळेल त्याने गाठ सोडायची ती सुट्टीच्या पहिल्या सकाळी, सगळे नाश्त्याला बसल्यावर. ती सकाळ आता उद्यावर आली होती.

कौतुक सगळ्याच घरांतून यायचं. पण सासूबाई वाट बघायच्या ती एकाच फोनची, त्यांच्या नणंदेच्या. नणंदबाई म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आत्या. कृती त्यांच्या आईची असल्यामुळे निकालही त्यांचाच. बत्तीस वर्षं तो निकाल एकच होता : "ठीक आहेत. आईची सर नाही." फोन ठेवून सासूबाई दर वर्षी म्हणायच्या, "चला, ठीक तरी म्हणाल्या." आणि मग दिवसभर उगाचच भांडी घासत बसायच्या.

"यंदा 'ठीक' तरी म्हणतील ना गं?" काल डबे भरताना त्यांनी विचारलं होतं. "माझी बत्तीस वर्षं आहेत त्यात."

डबे आज सकाळी गेले. ऑफिसला जाता जाता नवऱ्याने ते गाडीतून घरोघरी पोचवले. तिला वाटलं, सुटले.

"आई, माझ्या चांदण्या कुठेत?" चिमणी रंगांची पेटी घेऊन दारात उभी होती. चिमणी साडेपाच वर्षांची. "मला रंगवायच्यात."

शाळेच्या बाईंनी सुट्टीचा उद्योग दिला होता : दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि पाणी घालून गोळा मळायचा, आकार कापायचे, ओव्हनमध्ये दगडासारखे कडक होईपर्यंत वाळवायचे, रंगवून दोऱ्याने टांगायचे. दोऱ्यासाठी भोकं पाडायचं काम आईचं होतं. ते आई विसरली होती.

"तिथंच ट्रेमध्ये असतील गं."

"नाहीयेत. मी डब्यात भरल्या ना, आजीसारख्या. आणि बाबांनी दोरी बांधून दिली."

तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि नवऱ्याला फोन लावला.

"अरे, सकाळी किती डबे पोचवलेस?"

"दहा."

"दहा कसे? नऊ घरं आहेत."

"तेच मलाही वाटलं. पण टेबलावर दहा होते. म्हटलं, तू मोजूनच ठेवले असतील. एक जास्तीचा होता, तो निघतानाच जिन्यात वरचे दाताचे डॉक्टर भेटले, त्यांना दिला. खूश झाले ते!"

"चिमणीच्या डब्याला गाठ मारताना आत काय आहे ते बघितलंस का?"

"तिने बांधून मागितला, मी बांधला. आता घरात प्रत्येक गोष्ट विचारून करायची का?"

एरवी तो प्रत्येक गोष्ट विचारूनच करत असे. मोजे कुठे आहेत, हेसुद्धा.

म्हणजे दहा घरांपैकी एका घरात उद्या सकाळी सगळं कुटुंब नाश्त्याला जमणार होतं आणि मिठाच्या दगडाचा चावा घेणार होतं. ते घर आत्यांचं निघालं तर? सासूबाईंची बत्तीस वर्षं एका चाव्यात खलास. सासूबाई आत पडल्या होत्या. त्यांना न सांगता तिने बाळाला बाबागाडीत घातलं, चिमणीच्या पायात चप्पल सरकवली आणि ती निघाली. गाठ न सोडता ओळखायचा एकच उपाय तिला सुचला, डबा हलवून बघायचा. बिस्किटं मऊ वाजतील, मिठाच्या चांदण्या खडखड करतील.

सुरुवात वरच्या मजल्यावरून. दाताच्या डॉक्टरांनी तोंड भरलेलं असतानाच दार उघडलं.

"वा, वहिनी! निम्मा डबा संपवला. लोण्यात कंजूषपणा नाही हं तुमच्याकडे."

"उघडला तुम्ही?"

"मग? डबा दिल्यावर काय करतात?"

डॉक्टर घराण्यातले नसल्यामुळे त्यांना नियम माहीत नव्हता. तिला हायसं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. दगड चावायचाच होता, तर यांच्याइतका योग्य माणूस नव्हता.

काकूंचं घर दोन गल्ल्या पलीकडे. काकू म्हणजे सासूबाईंची धाकटी जाऊ. तिने पाणी मागितलं, काकू आत गेल्या आणि तिने कपाटावरचा डबा खाली घेऊन कानाशी धरला. आवाज मऊ येतोय असं वाटत होतं, तेवढ्यात बाळ रडायला लागलं. म्हणून तिने डबा जरा जोरात हलवला.

"काय गं, डब्याशी काय बोलतेयस?" काकू तांब्या घेऊन दारात.

"काही नाही, काकू. ते... यात चुकून काहीतरी गेलंय बहुतेक."

"काय गेलंय?"

तिला खरं सांगायचं होतं. पण खरं सांगायला नीट झोप झालेली लागते, आणि काकूंच्या तोंडात काही राहत नाही हेही होतं. ती गप्प राहिली. काकू मात्र गप्प राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि डोळे बारीक केले.

"प्लॅस्टर घालताना तुझ्या सासूची अंगठी काढली होती ना?"

"हो, पण..."

"बास! ओट्यावर ठेवली असणार, पिठात पडली असणार. बोलू नकोस. तुझ्या चेहऱ्यावर लिहिलंय सगळं."

तिच्या चेहऱ्यावर गेल्या सात महिन्यांचं जागरण लिहिलेलं होतं. काकूंनी ते आपल्याला हवं तसं वाचलं.

"काकू, अंगठी नाहीये हो!"

"नाहीच ना? तेच म्हणतेय मी! हरवलीय!"

ती बाबागाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत पोचते न पोचते, तो काकूंचा निरोप नातेवाइकांच्या ग्रुपवर पडलासुद्धा : "वहिनींची अंगठी बिस्किटात. कोणीही अख्खं बिस्कीट गिळू नये. आपापला डबा तपासा." नियम पाळणाऱ्या घराण्याने बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आदल्या दिवशी गाठी सोडल्या. दहा मिनिटांत फोटो यायला लागले. एका ताटात चुरा. एका परातीत चुरा. एका दिरांनी तर चुरा चाळणीने चाळून घेतला होता. खाली लिहिलं होतं, "आमच्याकडे नाही. चहात घालून खाल्ला, चव उत्तम."

ती बसथांब्याच्या बाकावर बसली. चार दिवस आणि तीन रात्री जागून पाडलेल्या चांदण्या परातीपरातीतून पीठ होऊन पडल्या होत्या. रडावं असं तिला वाटलं, पण रडायलाही दोन मोकळे हात लागतात. एका हाताने ती बाबागाडी हलवत होती आणि दुसऱ्या हातात फोन वाजत होता.

"अगं, कुठे आहेस तू?" सासूबाई होत्या. "चौघांचे फोन येऊन गेले. माझी अंगठी बिस्किटात सापडली का विचारतात. माझ्या कपाटातली अंगठी तिकडे कशाला जाईल?"

"आई, मी येऊन सांगते सगळं."

"ये. आणि येताना जपून ये. आवाज किती ओढल्यासारखा येतोय तुझा."

फोन ठेवून तिने फोटो मोजले. काकू धरून आठ घरं. आठही घरांत चुरा, म्हणजे आठही घरांत बिस्किटं. डॉक्टरांकडे बिस्किटं. ग्रुपवर नसलेलं, साधा फोन वापरणारं एकच घर उरलं.

"आई, आता कुठे जायचं?" चिमणीने विचारलं.

"आत्याआजीकडे," ती म्हणाली आणि समोर आलेल्या बसमध्ये बाबागाडी चढवायला लागली.

बस गर्दीने तुंबलेली होती आणि आत्यांच्या घरच्या पायऱ्या बावीस होत्या. बाबागाडी खाली ठेवून, बाळाला घेऊन ती वर पोचली तेव्हा दार उघडंच होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत आत्या ताठ बसल्या होत्या. पुढ्यात चहा, शेजारी उघडा डबा, सुटलेली दोरी नीट गुंडाळून ठेवलेली, आणि हातात अर्धी खाल्लेली चांदणी.

"आत्या! तुम्ही उघडलात?"

"दर वर्षी आदल्या दिवशीच उघडते. नियम माझ्या आईचा. तिचे नियम मी ती असतानाही पाळले नाहीत." त्यांनी चांदणी दाढेखाली धरली. कट्ट! "बस. तुला शाबासकीच द्यायची होती. मगाशीच तुझ्या सासूला फोन करून सांगितलं, आईची सर आली ती आज."

ती खाली सतरंजीवरच बसली.

"आत्या, ते खाऊ नका. बिस्कीट नाहीये ते. चिमणीने टांगायला केलंय. वाटीभर मीठ आहे त्यात."

"माझ्या चांदण्या आहेत," चिमणीने दुजोरा दिला. "तू एक खाल्लीस?"

आत्यांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग जिभेचं टोक त्याला लावून पाहिलं, एकदा, दोनदा. मग तुकडा हळूच बशीत ठेवला.

"मीठ," शेवटी त्या म्हणाल्या. "असेल. मला काय कळणार?"

"म्हणजे?"

"त्या मोठ्या तापानंतर चवच गेली माझी. दोन वर्षं झाली. गोड, तिखट, खारट, सगळं एकच. कागद चावल्यासारखं."

"दोन वर्षं? आणि कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय करू? चांगलं-वाईट सांगायला म्हणून तरी चार माणसं मला विचारतात. चव गेली म्हटल्यावर कोण फोन करणार? तब्येत कशी आहे, ते विचारायला?" त्यांनी पदराने बशीची कड पुसली. "गेली दोन वर्षं चव न कळताच 'ठीक आहेत' म्हणतेय. बाई मनापासून करते, वाईट कसं म्हणू?"

"मग यंदा..."

"आवाज! चव कळत नाही, आवाज कळतो ना. माझ्या आईची बिस्किटं अशीच वाजायची, कट्ट करून. दात धरून बसायचो आम्ही सगळी. तुझ्या सासूची मेली पहिल्यापासून मऊ."

तिला हसू आलं. हसताना बाळही हललं आणि आत्याही पदराआड हसल्या. घराण्यात ज्यांची सर कशालाच येत नव्हती, ती बिस्किटं मुळात दगडासारखी होती तर.

निघताना तिने आत्यांना दोन पेले पाणी प्यायला लावलं आणि तब्येत दाखवायला उद्या डॉक्टरांकडे यायचं कबूल करवून घेतलं. अकरा चांदण्या चिमणीने मोजून परत घेतल्या. जिन्याच्या तोंडाशी आत्यांनी चिमणीचा गाल धरला. "हे आपल्यातच हं. कोणाला सांगायचं नाही. तुझ्या आजीला तर मुळीच नाही." मग चिमणीच्या आईकडे वळून म्हणाल्या, "तूही."

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. येताना बसमध्ये तिने सगळं ठरवलं होतं. डब्यांची अदलाबदल झाली, मीठ गेलं, चूक माझी, असं सरळ सांगून टाकायचं. मग लक्षात आलं, की मीठ गेलं म्हटलं तर आत्यांना ते कळलं कसं नाही, हे सासूबाई आधी विचारतील.

सासूबाई अंधारात टेलिफोनपाशी बसल्या होत्या. दिवा लावल्यावर त्यांनी चटकन चांगल्या हाताने चष्मा पुसायला घेतला. एका हाताने चष्मा पुसता येत नाही, तो नुसता मांडीवर फिरत राहिला.

"आई, काय झालं?"

"काही नाही. नणंदबाईंचा फोन आला होता. आईची सर आली म्हणाल्या." त्या हसल्या. "मला आनंद झाला गं, अगदी खरंच. तुझे चार दिवस सार्थकी लागले." मग आवाज खाली आला. "तू वेगळं काय घातलंस? मी समोरच बसले होते, माप माझंच होतं. बत्तीस वर्षं माझं काय चुकत होतं, तेवढं सांग."

"काहीच चुकत नव्हतं, आई."

"असं कसं?"

बाळाला खाली ठेवायचं निमित्त करून ती आतल्या खोलीत गेली. बाळाचे मोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. बाहेर सासूबाई चिमणीशी काहीतरी हळू बोलत होत्या. थोड्या वेळाने चिमणी अकरा चांदण्या ओच्यात घेऊन आत आली आणि पलंगावर चढून तिच्या कानाशी लागली.

"आई, आजी रडली. कोणाला सांगू नकोस म्हणाली, आत्याआजीला तर मुळीच नाही."

"हं."

"आत्याआजीने पण तिचं गुपित मलाच सांगितलं." चिमणीने एक चांदणी उचलून दिव्यासमोर धरली आणि जरा विचार केला. "आई, मग त्या दोघी एकमेकींनाच का नाही सांगत?"