वळण निर्दोष असल्याबाबत

आखलेली वाट कधी चुकत नाही. चुकतो तो चालणारा. हे सत्य साधुसज्जनांना जन्मभराच्या तपाने कळतं, समितीला ते नेमणुकीच्या पत्राबरोबरच मिळतं.

आमच्या शर्यतीच्या मैदानाला दोन लांब सरळ बाजू आणि दोन वळणं. पैकी सभासदांच्या चहाच्या व्हरांड्यासमोरचं वळण विळ्यासारखं आवळलेलं, शिवाय उताराचं. तिथे वर्षभरात चाळीस घोडे घसरले. (समितीच्या मते सदतीस. तिघे मुद्दाम बसले.)

ठमी नावाची घोडी सरळ भागात वाऱ्यासारखी सुटे आणि या वळणावर बिचकून शेवटून पहिली येई. पुढच्या शर्यतीत ती पहिल्या तिनांत आली नाही तर तिला काढून टाकायची, असं मालकाने सांगितलं. काढून म्हणजे कुठे, हे तिची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने विचारलं नाही. त्याने तिला जन्मल्या दिवशी गवताने पुसून उभं केलं होतं; त्याला ठाऊक होतं. त्याने अर्ज केला : ‘वळण रुंद करावे.’

मुक्या जिवाचा प्रश्न, म्हणून त्याच आठवड्यात पाच जणांची समिती बसली. बसली ती व्हरांड्यात, आणि चहा झाल्यावर उठली. ऊन डोळ्यांवर येत होतं, सबब समितीने मैदान उलट्या बाजूने, पायी तपासलं. उताराचा चढ झाला. कुणीही घसरलं नाही.

“साहेब, घोडे तिकडून येतात,” मोतद्दार म्हणाला.

“येऊ देत की! वळण तेच ना?”

“वळण तेच, पण ठमीला उतार लागतो.”

“अरे बाबा, माझे दोन्ही गुडघे गेलेत,” अध्यक्ष म्हणाले. “तरी मी आलो की नाही? मग चार पाय असून हिला काय धाड भरलीय?”

अहवाल आला. वळण निर्दोष आहे. ते रुंद करायचं तर व्हरांडा हलवावा लागेल. व्हरांडा हलत नाही, घोडी हलते. वळणावर बाहेरच्या पायांना जास्त अंतर पडतं, तेव्हा ठमीच्या उजव्या पायांना दुप्पट जाड नाल ठोकावेत.

नालबंदाने ठोकले आणि मागे सरून पाहिलं. “ही घोडी नाही राहिली, डुगडुगतं टेबल झालं.” (हे मत जाणकाराचं असल्यामुळे नोंदवलं नाही.)

सरावात ठमीने वळण झोकात घेतलं. सरळ भागात मात्र ती डावीकडे वाहत गेली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. समिती पुन्हा बसली. जी घोडी वळणावर शहाणी, ती सरळ रेषेवर चुकते. म्हणजे दोष उघडच सरळ रेषेचा. दोन्ही सरळ बाजू रद्द करून मैदान पूर्ण गोल करण्यात आलं. (त्यात पलीकडचा तबेला पाडावा लागला. तबेला हलतो.)

आणि सांगायला आनंद वाटतो, ठमी पहिली आली! बाकीचे सरळ पायांचे घोडे कुठल्या कुठे फेकले गेले. सभासदांनी एकमेकांचे सत्कार केले. मोतद्दार तिच्या मानेला मिठी मारून लहान लेकरासारखा रडला.

मग डोळे पुसून म्हणाला, “साहेब, आता तरी ते नाल काढू द्या.”

“काढलेस तर मैदान चुकीचं ठरेल. मग तुझी ठमी कशी जिंकणार?”

नाल तसेच राहिले. नवा तबेला समोर शंभर पावलांवर, पण ठमीला आता समोर जाता येईना. ती गोल गोल फिरत तिथवर पोचे. मोतद्दार मानेवर हात ठेवून शेजारून फिरे. “चल गं माझी बाय, आलंच.” रोज तासभर.

वर्षभराने बायको त्याला म्हणाली, “अहो, असे तिरके का चालताय?”

“मी? मी सरळच चालतोय. तू दाराची चौकट बघ आधी, कशी कललीय.”

हसलात? देव करो, हसू असंच राहो. आता जरा उठा, दाराशी काढलेली आपली चप्पल उलटी करा आणि टाच कोणत्या बाजूने झिजलीय ते पाहा. अर्ज मात्र करू नका. तुमची वाट निर्दोष असल्याचा अहवाल केव्हाच आलेला आहे.