उपाध्यक्षांचं एकुलतं एक मत

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळाला घटना हवी, हे डॉ. शशी वैशंपायनांनी आधी ठरवलं आणि मग मंडळाला कळवलं.

"या इंग्रजांची घटना एका पुस्तकात बांधलेलीसुद्धा नाही! आपण अमेरिकेची घेऊ. इतकी वर्षं चालतेय!"

अध्यक्षाला सगळे अधिकार. अध्यक्ष अर्थातच डॉक्टर! उपाध्यक्ष मंजिरीला काम एकच: समितीत समसमान मतं पडली तर आपलं मत टाकायचं. ती पडूच नयेत म्हणून डॉक्टरांनी समितीत सभासद ठेवले अकरा. कारण मंजिरी त्यांच्या दिवाळीतल्या चाळीस मिनिटांच्या नाट्यगीताला कात्री लावायला टपली होती, आणि डॉक्टरांचा सगळा जीव त्या नाट्यगीतात!

ऑक्टोबरात डॉक्टरांचीच कोलोनोस्कोपी निघाली. अशा वेळी, गुंगी देणार म्हणून, अमेरिकेचे अध्यक्ष कारभार लेखी उपाध्यक्षाकडे सोपवतात. ही संधी सोडतील तर ते डॉक्टर कसले! मागून उघड्या गाउनमध्ये, पाठ भिंतीला टेकवून त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं, "दोन तास कारभार मंजिरीकडे."

गुंगी पुरती उतरायच्या आत त्यांनी तो परतही घेतला. वर आपण शुद्धीत असल्याचा पुरावा म्हणून नाट्यगीताची सात मिनिटांची व्हॉइस नोट टाकली.

मंजिरीने लगेच कलम शोधलं: अध्यक्ष काम करण्यास असमर्थ. पुरावा तोच!

"अगं, मी पूर्ण शुद्धीत होतो!" डॉक्टर सभेत गरजले. "मी नेहमी असाच गातो!"

"तेच तर म्हणतोय आम्ही, डॉक्टर."

दोन तृतीयांश मतं हवी होती, पडली अकराच्या अकरा. अकरावं घरचंच, बायकोचं.

"अहो, रूल्स तुमचेच ना?" अनुराधाताई म्हणाल्या.

लोक विनवण्या करतील या भरवशावर डॉक्टरांनी बाणेदारपणे राजीनामा दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंजिरी अध्यक्ष झाली आणि रिकाम्या उपाध्यक्षपदावर तिने डॉक्टरांनाच नेमलं!

तिचा पहिला ठराव: नाट्यगीत चार मिनिटं. मतदान रविवारी. दया येऊन पाच जण डॉक्टरांकडे वळले. विरुद्ध उरले सहा. त्यातला एक जरी अंथरुणाला खिळला, तरी पाच-पाच! मग उपाध्यक्षांचं मत!

तेव्हापासून डॉक्टर त्या सहा जणांना रोज सकाळी फोन करतात.

"साकेत, घसा कसा आहे रे? नीट बघ. व्हायरल फार आहे सध्या. रविवारी घरीच पड, माझं ऐक!"

"नाही हो डॉक्टर, अ‍ॅब्सोल्यूटली फाइन! परवा हाफ मॅरेथॉन पळालो!"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत, पेशंट ठणठणीत असल्याचं इतकं दुःख डॉक्टरांना कधीच झालं नव्हतं.