लिफ्टमधला तराजू

वाल्पराइसोच्या एका टेकडीवर राहायचा नोल्बेर्तो लिफ्टवाला, राहायची त्याची बायको एदेल्मिरा, आणि दोघांच्या मध्ये झोपायची मुठीएवढी रोसेंदा. पोर काही अंग धरीना. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "शुक्रवारपर्यंत वजन वाढलं नाही, तर हिला इथंच ठेवून घेऊ." तेव्हापासून एदेल्मिराच्या घशाखाली घास उतरेना.

नोल्बेर्तोनं मासेवाल्याकडून स्प्रिंगचा, काट्याचा तराजू मागून आणला. लिफ्ट सोडून जायची सोय नाही (मालक वरच्याच मजल्यावर!), म्हणून मांडला लिफ्टमध्येच. एदेल्मिरानं मागच्या वजनावर लिपस्टिकची रेघ ओढली आणि लेकीला तराजूच्या परातीत ठेवलं. तेवढ्यात वरून घंटी वाजली. यानं दांडी ओढली, लिफ्ट वर निघाली, आणि काटा टुणकन रेघेच्या कितीतरी पुढे!

"वाढली गं माझी बाय!" पुन्हा काट्याकडे न बघता, मजल्यामजल्यावर दार उघडून यानं सगळ्या इमारतीला रविवारी सारण भरलेल्या एम्पानादा खायला बोलावलं.

वर घंटी वाजवलेल्या दोन्या एल्विरा (दोन्या म्हणजे बाईसाहेब) आत आल्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. लिफ्ट खाली निघाली, तो काटा रेघेच्याही मागे.

"आत्ता तर वाढली होती!" नोल्बेर्तो म्हणाला.

"चार मजल्यांत वाळली होय रे?" एदेल्मिरा रडायलाच लागली.

"रडू नकोस गं," दोन्या एल्विरा म्हणाल्या. "नोल्बेर्तो, लिफ्ट वर सुटताना पायांना काय होतं?"

"जड होतात."

"आणि खाली सुटताना?"

"पोटात गोळा येतो."

"मग! नुसतं उभं असताना अंगाला जाणवतो तो भार म्हणजे एक जी. वर जायला वेग घेतला की एकाहून जरा जास्त, खाली जायला घेतला की जरा कमी. एका वेगानं चालली की पुन्हा एकच. लेक तेवढीच आहे रे बाबा, बदलतोय तो वेग. आधी लिफ्ट थांबव!"

थांबवली. काटा थरथरला, स्थिर झाला. रेघेच्या पुढे! केसभरच, पण पुढे. एदेल्मिरानं परातीसकट लेक उराशी धरली. (मासळीच्या वासासकट.)

शुक्रवारी नर्सनं हसून पोर घरी धाडली. रविवारी अख्खी इमारत अंगणात जेवली. नोल्बेर्तोनं एवढ्या एम्पानादा हाणल्या की खुर्चीतून उठताना पाटलोणीचं बटण उडून दोन्या एल्विरांच्या बशीत पडलं.

"जी वाढला असेल," तो पुटपुटला.

"अंगणात बसलायस, नोल्बेर्तो," लेकीला थोपटत एदेल्मिरा म्हणाली. "इथं एकच आहे."