वीरान्कुट्टी इक्कांची नदीपार रवानगी आणि पुळक्कडवूची अर्धी फत्ते

शके १९४५, शोभननाम संवत्सर, माघ वद्य सप्तमी, रविवार, ते दिवशी मलबार प्रांती चालियार नदीचे कांठी मौजे पुळक्कडवू येथे जे थोर युद्ध जाहले, त्याची हकिकत लोक आपापले सोयीने सांगतात आणि सांगताना आपली चूक तेवढी गाळतात. सबब घडले ते घडले तैसे, कोणाची भीड न धरिता, येथे लिहिले असे. यात पुळक्कडवूकरांची अब्रू थोडी जाईल. ती पूर्वीही फार नव्हती.

मौजे मजकुरी वीरान्कुट्टी म्हणोन शिंपी, त्यांस सारा गाव इक्का, म्हणजे दादा, म्हणे. वय सत्तावन्न, मिशी पांढरी, आवाज करडा. गावची सात गड्यांची फुटबॉल फौज ‘न्यू ब्रदर्स’, तिचे हे परम एकनिष्ठ. बावीस वर्षे एक लढाई चुकविली नव्हती. फौजेची निशाणे हेच शिवीत, गड्यांचे पाठीवर आकडे हेच डकवीत, आणि मैदानी सुपारीचे खांबांची जी गॅलरी, तिचे तिसरे पायरीवर उजवे कोपरी यांची बैठक मुक्रर, आणि शिकस्त होऊ लागली की गॅलरीच्या शिव्याही तेथेच पडत. फौजेची मर्दुमकी पुसाल तर मागील चार वर्षांत अकरा लढाया आणि अकरा शिकस्ती. तरी इक्का दर शिकस्तीनंतर दुसरे दिवशी दुकानी बसोन आल्यागेल्यास बजावीत की खरा चाहता तो, जो हरणाऱ्यापाठी उभा राहतो. जिंकणाऱ्यापाठी उभे राहण्यास काय लागते. आणि हे बोलताना त्यांचे मुखी असे काही तेज चढे की कित्येकांस संशय येई, यांस हरणेच मानवते की काय.

ऐसे असता चालू सालचे स्पर्धेत अघटित जाहले. उपांत्यपूर्व, म्हणजे स्पर्धेतील पहिलेच, लढाईचे दिवशी इक्कांची दाढ ठणकली आणि ते ती उपटावयास शहरी गेले, आणि मागे न्यू ब्रदर्सनी तीन-शून्य अशी फत्ते केली. मग उपांत्य लढाईचे दिवशी इक्कांस ताप भरला, दोन गोधड्या घेऊन निजले, आणि पुन्हा फत्ते, दोन-एक. नऊ वर्षांनी फौज अंतिम लढाईस पोचली आणि सारा मुलुख आनंदला, मग आनंद ओसरल्यावर मुलुख विचार करू लागला, आणि तेथून अनर्थ ओढवला.

क्लबाचे कारभारी चातुक्कुट्टी मास्तर, पूर्वी शाळेत गणित शिकवीत. त्यांनी मसलत करोन, क्लबाचे चार पंच बरोबर घेऊन, शुक्रवारी दुकानी खासा स्वारी आणिली. इक्का त्या समयी अंतिम लढाईचे निशाण शिवीत होते.

“इक्का, रागावू नका,” मास्तर म्हणाले. “तुम्ही असलात की हरतो. नसलात की जिंकतो. आता मी काय करू, सांगा.”

“माझी दाढ गोल मारायला गेली होती का?”

“दाढ नव्हती गेली. पण तुम्हीही नव्हता ना.”

“बावीस वर्षं, मास्तर.”

“माहीत आहे. तुम्हीच म्हणता ना, खरा चाहता आपल्या पोरांसाठी काहीही करतो? मग एवढं करा. येऊ नका.”

आपलेच शस्त्र आपलेच छातीस लागले. मशीन थांबले. मग हुकूम जाहला तो ऐसा की, वीरान्कुट्टी यांनी रविवारी चार वाजण्यापूर्वी नदी उतरोन पैलतीरी जावे, आणि निकाल लागेतोवर अलीकडे पाऊल घालू नये. इक्कांनी मान हलविली आणि निशाणाची राहिलेली कड शिवोन दिली. टाके वाकडे पडले, ते कोणी काढिले नाहीत.

रविवारी इक्का होडीत बसले. संगे कुटुंब बीयुम्मा, मांडीवर पत्तिरीचा, म्हणजे तांदळाचे पातळ भाकरींचा, डबा. पैलतीरी तिचे बहिणीचे घर, तेथे मुक्काम करावा ऐशी तजवीज. इक्का मैदानाकडे पाठ करोन बसले होते.

“सुहरा झाली तेव्हा तुमची मॅच होती,” बीयुम्मा म्हणाली. “अन्वर झाला तेव्हाही मॅचच. आज बरे सापडलात.”

“बोलून घे,” इक्का म्हणाले.

“बोलणारच. नदीच्या मधोमध उठून कुठं जाणार तुम्ही?”

मेहुणीचे ओसरीवर सुलैमानी चहा आला, फणसाचे गरे आले, परंतु इक्कांचे चित्त ठिकाणी नव्हते. आणि हुकूम देणारांची एक नजरचूक जाहली, ती ही की मैदानीचे कर्णे थोर आणि वारा त्या दिवशी पैलतीराकडे होता. साडेचारास झुंज लागली आणि घोषणा करणाराचा शब्दन्‌शब्द नदीवरोन ओसरीवर येऊ लागला. गनीम म्हणजे ‘रॉयल मनक्कल’, पैसेवाले, घाना देशीचे दोन सरदार पदरी. मग सोळावे मिनिटास कर्णा गर्जला की मनक्कलकरांचा गोल.

येथे जे जाहले ते लिहिण्यास कलम धजत नाही, तथापि लिहिणे प्राप्त. गावावर गोल पडला आणि वीरान्कुट्टी इक्कांचे काळजात आनंदाची कारंजी उडाली. आपण तेथे नाही, तरी गोल पडला. म्हणजे आपण अपशकुनी नव्हे. दाढ निर्दोष, ताप निर्दोष, बावीस वर्षे निर्दोष.

“हसलात तुम्ही,” बीयुम्मा म्हणाली.

“दाढेच्या जागी ठणका आला.”

“ठणक्यानं मिशी वर जात नाही.”

इक्कांनी फणसाचा गरा तोंडात कोंबला. मग पूर्वार्ध सरता सरता दुसरा गोल पडला आणि आनंद पुन्हा उसळला, परंतु अर्ध्यावरच त्यास लाज आडवी आली. आपण जी निष्ठा बावीस वर्षे दुकानी बसोन मिरविली, ती फौजेवर की आपले स्वतःवर, ऐसा प्रश्न पडला. तितक्यात दुसरे चित्र डोळ्यांपुढे आले. गोलरक्षक शिनोज, गेले सालीच प्रथम गोलात उभा राहिलेला पोर, त्याजवर सारी गॅलरी आता तुटोन पडली असेल. आजवर प्रत्येक शिकस्तीचा दोष तिसरे पायरीवर बसोन इक्काच घेत आले. आज ती पायरी रिकामी. मग दोष जाणार कोठे.

इक्का उठले आणि चपला शोधू लागले.

“हुकूम आहे ना?” बीयुम्मा म्हणाली.

“असू दे. शिव्या खायला कोणीतरी हवं तिथं.”

बीयुम्माने डब्यातील दोन पत्तिऱ्या कागदात बांधोन हाती दिल्या. हेच तिचे फर्मान.

होडी नदीमध्ये आली तो मास्तरांचा फोन वाजला.

“इक्का, कुठं आहात?”

“होडीत. तुमचा हुकूम मोडून येतोय.”

पलीकडे गलका होता. “लवकर या,” मास्तर म्हणाले. “तुम्ही नाही म्हणून लोक मलाच धरतायत. दोन-शून्याला आणखी काय वाईट व्हायचंय.”

उत्तरार्धाची दहा मिनिटे सरली असता इक्का मैदानी दाखल जाहले. गॅलरीने पाहिले आणि एकदम हाकाटी उठली. कोणी म्हणे, “आता पाच होणार बघा.” कोणी म्हणे, “दाढ परत लावून आलात का, इक्का?” परंतु त्या हाकाटीत केवढा तरी दिलासा होता. इतका वेळ जे शिनोजास बोलत होते, त्यांनी तोंडे तिसरे पायरीकडे फिरविली, आणि शिनोजाने चार वेळा हात झटकोन जागा घेतली, आणि लागलीच एक नक्की गोल पंजाने बाहेर काढिला.

मग शेवटची सहा मिनिटे राहिली असता, न्यू ब्रदर्सचा सुनिलन याने दुरोन लाथ हाणिली. नेम ऐसा की चेंडू सरळ नारळीचे बागेत जाता. परंतु त्याच क्षणी मनक्कलचा एक सरदार बुटाची नाडी बांधावयास वाकला होता. चेंडू त्याचे पार्श्वभागी आदळोन, दिशा बदलोन, जाळ्यात गेला. चार वर्षांत इक्कांचे देखत जाहलेला हा पहिला गोल. तो गनिमाचे पार्श्वभागे जाहला म्हणोन त्याची थोरवी उणी नाही. गॅलरी ऐशी हलली की सुपारीचे खांब करकरले, आणि मास्तरांनी इक्कांस कडकडोन मिठी मारिली.

पुढे सहा मिनिटे निकराची झुंज जाहली आणि कांहीच जाहले नाही. शिट्टी वाजली. दोन-एक, शिकस्त. बारावी.

गर्दी पांगली तरी दोघे पायरीवर बसोन राहिले. इक्कांनी पत्तिरीचा कागद उलगडला आणि एक मास्तरांस दिली.

“मास्तर, एक सांगतो. पहिला गोल पडला तेव्हा मला बरं वाटलं.”

मास्तरांनी अर्धी पत्तिरी सावकाश खाल्ली.

“मला दुसरा पडला तेव्हा,” ते म्हणाले. “म्हटलं, आता तुम्हाला बोलवायला तोंड आहे.”

दोघांनी उरलेली पत्तिरी मैदानाकडे पाहात संपविली.

दुसरे दिवशी क्लबाचे दफ्तरी मास्तरांनी स्वहस्ते नोंद केली ती ऐशी: पूर्वार्ध, वीरान्कुट्टी गैरहजर, शून्य-दोन. उत्तरार्ध, वीरान्कुट्टी हजर, एक-शून्य, फत्ते. सबब हद्दपारीचा हुकूम रद्द, आणि तिसरे पायरीचा उजवा कोपरा वीरान्कुट्टी यांजकडे हयातभर कायम. खाली चार पंचांच्या सह्या जाहल्या. पांचवी सही शिनोजाची. ती कोणी मागितली नव्हती.